गट क्रमांक २१७ वरचं उड्डाण

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कॅप्टन शैलजा ठोंबरेने कुंभारखेडच्या धावपट्टीवर विमान उतरवलं, पण विमानातल्या नव्या पडद्यानुसार ते जमिनीपासून बेचाळीस फूट उंचीवरच असल्यामुळे तिला बाहेर पडता आलं नाही.

उतरणं तसं छान झालं होतं. चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. शेजारच्या सीटवर तिचे विद्यार्थी डॉ. विश्वंभर कुलथे बसले होते. वय सत्तावन्न, व्यवसाय दातांचा दवाखाना. मुलगी लग्न होऊन गेल्यावर त्यांनी विमान शिकायला घेतलं होतं आणि ते हातात वही घेऊनच विमानात चढत. शैलजाने विमान शेडसमोर आणून उभं केलं, इंजिन बंद केलं, पट्टा सोडला आणि सवयीने समोर पाहिलं.

पडदा सोमवारीच बसवला होता. जुनी गोल तबकडी काढून तिच्या जागी हा चकचकीत चौकोन आला होता. मधोमध वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन. डावीकडच्या पट्टीवर वेग, उजवीकडच्या पट्टीवर उंची. सकाळी उड्डाण केलं तेव्हा तो कुठल्याशा नोंदी उतरवून घेत होता, म्हणून तिने फारसं लक्ष दिलं नव्हतं. आता नोंदी उतरून झाल्या होत्या. वेगाच्या पट्टीवर शून्य होतं. उंचीच्या पट्टीवर बेचाळीस होतं.

"वेग कमी आहे," पडद्यातून एका बाईचा शांत आवाज आला. "नाक खाली करा."

"डॉक्टर, ती दाबाची कळ फिरवा जरा," शैलजा म्हणाली. हवेचा दाब नीट लावला नसला की उंची चुकते, हे ती पहिल्याच तासाला शिकवायची.

डॉक्टरांनी कळ डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली. 'हा पडदा हवेच्या दाबावर अवलंबून नाही. उंची महसूल अभिलेखानुसार दाखवली जाते. गट क्रमांक २१७, दगडाची खाण, खोली बेचाळीस फूट.'

शैलजाने ओळ दोनदा वाचली. मग तिने दार उघडलं आणि डावा पाय बाहेर टाकला. बुटाच्या टोकापासून डांबर वीतभर खाली होतं. त्यावरून एक मुंगळा चालला होता, त्याच्या मिशासुद्धा दिसत होत्या.

"मॅडम!" फ्लाइंग क्लबचे व्यवस्थापक दिगंबर वाघधरे शेडमधून ओरडत पळत आले. त्यांच्या टेबलावर त्याच पडद्याची जुळी प्रत होती, उड्डाणावर नजर ठेवायला. "पाय आत घ्या! बेचाळीस फूट आहे!"

"वाघधरे, तुम्ही माझ्या समोर उभे आहात."

"मी खाली उभा आहे, मॅडम. तुम्ही वर आहात. उडत्या विमानातून वैमानिक बाहेर पडला तर परवाना कायमचा रद्द होतो. नियम मी केलेला नाही."

डॉक्टरांनीही तिची बाही धरली होती.

"डॉक्टर, तुम्हाला जमीन दिसत नाही का?"

"दिसते ना," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्हीच शिकवलंत, कॅप्टन. पान नऊ." त्यांनी वही उघडून दाखवली. "'ढगात शिरल्यावर शरीर फसवतं. डोळे फसवतात. विश्वास फक्त उपकरणांवर.' दोनदा अधोरेखित करायला लावलं होतंत."

शैलजाने पाय आत घेतला. बावीस वर्षं जपलेला परवाना एका मुंगळ्याच्या साक्षीवर घालवायची तिची तयारी नव्हती.

"वेग कमी आहे," पडदा म्हणाला.

पडदा बनवणाऱ्या कंपनीच्या मदत केंद्राचा फोन वीस मिनिटांनी लागला. पलीकडचा तरुण अतिशय नम्र होता.

"मॅडम, आपण जमिनीवर आहात असं आपल्याला कशावरून वाटतं?"

"खाली डांबर आहे. चाकं त्यावर टेकली आहेत."

"ते दृश्य झालं, मॅडम. आपल्याकडे काही कागद आहे का?"

"कसला कागद?"

"जमीन तिथपर्यंत आल्याचा."

शैलजाने डोळे मिटून आधी दहा आकडे मोजले, मग आणखी दहा. तरुण थांबला होता. मग त्याने सांगितलं की पडदा उत्तम काम करतोय, कारण तो अभिलेखाशी तंतोतंत जुळतोय. अभिलेख बदलला की दुसऱ्या मिनिटाला उंची बदलेल. तोवर बॅटरी बंद करू नये. उडत्या विमानातला पडदा बंद करणं हा वेगळा गुन्हा आहे.

"आणि तो आवाज?"

"तो आपल्या सुरक्षिततेसाठी आहे, मॅडम."

शैलजाला घाई होती, आणि तिचं कारण पडद्यात बसत नव्हतं. तिची आई कावेरीबाई यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बुधवारी सकाळी दहाला होतं. डोळ्यांचे डॉक्टर जिल्ह्याहून पंधरा दिवसांतून एकदाच यायचे. आधी दोनदा कावेरीबाई ऑपरेशनच्या टेबलापासून परत फिरल्या होत्या. या खेपेला त्या एका अटीवर तयार झाल्या होत्या. शैलजाने दारापर्यंत हात धरायचा. दुसऱ्या कोणाचा हात चालणार नव्हता.

तिने आईला फोन केला.

"उतरलीस का गं?" कावेरीबाईंनी विचारलं.

"उतरले. पण अजून वर आहे."

"म्हणजे कधी येशील?"

"तेच बघतेय."

"जेवलीस?"

"आई, मी विमानात आहे."

"मग मीच येते," असं म्हणून कावेरीबाईंनी फोन ठेवला.

दुपारी दोनला गावच्या तलाठी अनुराधा गिते आल्या. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, डोक्यावर स्कार्फ. त्यांनी विमानाला एक फेरी घातली, चाकाला हात लावला आणि पंखाच्या सावलीत खुर्ची मागवून बसल्या. त्या चांगल्या होत्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. गट २१७ मध्ये पूर्वी दगडाची खाण होती. ती शहाऐंशी साली भरली, त्यावर धावपट्टी झाली, पण भरल्याची नोंद कोणी केलीच नाही. धावपट्टी, शेड, कुंपणाच्या आतलं सगळं त्याच गटात येत होतं. त्यामुळे कागदोपत्री खाण होती तशीच होती.

"मग वाघधरेंचं ऑफिस?" शैलजाने खिडकीतून विचारलं.

"तळाशी," वाघधरे म्हणाले. "दमट आहे म्हणून मी किती वर्षं लिहितोय."

"ताई, तुम्ही आता नोंद करून टाका ना," शैलजा म्हणाली. "समोरच बसल्या आहात. डोळ्यांनी बघताय."

"करते की. फेरफार आजच टाकते. मग नोटीस लागते. हरकतींसाठी पंधरा दिवस."

"हरकत कोण घेणार?"

"ज्याची जमीन आहे तो."

"जमीन क्लबची आहे. वाघधरे, तुमची काही हरकत आहे?"

"मुळीच नाही," वाघधरे म्हणाले.

"ऐकलंत?"

"ऐकलं," गितेबाई म्हणाल्या. "पण त्यांची हरकत नाही हे पंधरा दिवस झाल्यावरच धरता येतं. आधी कसं धरणार? मधे त्यांचं मन बदललं तर?"

वाघधरेंनी क्षणभर विचार केला आणि हे खरं आहे अशा अर्थाने मान हलवली. त्या मानेकडे बघून शैलजाने हातातला पेन्सिलचा तुकडा मोडला.

"वेग कमी आहे. नाक खाली करा."

चारच्या सुमाराला वाघधरेंनी खिडकीतून एक पाकीट आत दिलं. शैलजाला वाटलं, काही मार्ग निघाला. पत्र तिच्याच नावाचं होतं. प्रशिक्षकाने एका दिवसात आठ तासांपेक्षा जास्त उड्डाण करू नये असा नियम असून, सध्याच्या गतीने संध्याकाळी आपण ही मर्यादा ओलांडाल असं दिसतं, तरी याबाबत चोवीस तासांत लेखी खुलासा करावा.

"वाघधरे, मला खाली उतरू द्या, मी खुलासा करते."

"तसं लिहून द्या," वाघधरे म्हणाले. "मी फाइलला लावतो."

"माझ्या जागी दुसरा प्रशिक्षक पाठवा मग."

"हवेत कसा पाठवू?" वाघधरेंचा आवाज खरोखर दुःखी होता.

डॉ. कुलथे मात्र दर तासाला वहीत एक ओळ लिहीत होते. परवान्यासाठी त्यांना चाळीस तास उड्डाण हवं होतं. सकाळपर्यंत त्यांचे एकतीस झाले होते. त्यांनी दवाखान्यात फोन करून उद्याच्या दोन अक्कलदाढा पुढे ढकलल्या आणि पडद्याची सगळी कार्यपद्धती या संधीत शिकून घ्यायचं ठरवलं.

"कॅप्टन, निळा आणि तपकिरी यांच्यामधली ही पांढरी रेघ म्हणजे क्षितिज ना?"

"हो."

"ती अगदी सरळ आहे. म्हणजे आपण स्थिर उडतोय."

शैलजाने मान वळवून खाली डांबराकडे पाहिलं.

"इतकी सरळ रेघ मला आजवर कधी राखता आली नव्हती," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी तेही लिहून घेतलं.

पाच वाजता कावेरीबाई आल्या. फाटकापासून शेडपर्यंत त्या वाघधरेंच्या हाताला धरून फार जपून चालत होत्या. विमानाजवळ पोचल्यावर त्यांनी कपाळावर आडवा हात धरला आणि मान वर केली. लेक त्यांच्या समोर, कमरेच्या उंचीवर बसली होती. कावेरीबाई तिच्या डोक्यावरून पार वर बघत होत्या.

"आई, इथे. खाली बघ."

"मला नीट दिसत नाही बाई. सगळं पांढरं पांढरं. पण आवाज येतोय तुझा." त्यांनी दोन्ही हातांनी डबा डोक्यावर उचलून धरला. शैलजाने वाकून तो घेतला. वाघधरेंनी वहीत 'हवेत रसद पुरवठा, सायंकाळी ५.१२' असं लिहिलं. डब्यात मेथीचे ठेपले आणि लिंबाचं लोणचं होतं. डॉक्टरांनी हात पुसून दोन घेतले.

"उद्याचं काय करायचं मग?" कावेरीबाईंनी विचारलं. त्या सहजपणे विचारत होत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, आणि ते बोट पांढरं पडलं होतं. "रद्द करू या का? तू वर असताना मी कशी जाणार? पुढच्या खेपेला बघू."

"रद्द नाही करायचं. मी येते."

"बेचाळीस फूट आहे म्हणतात हे."

"आई, तूसुद्धा?"

"मी काय, मला कुठे दिसतंय," कावेरीबाई म्हणाल्या. "सगळे सांगतात ते ऐकते. येताना उतार किती होता! गुडघे भरून आले."

शैलजाला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं कोणावर हेच कळेना. वाघधरे नियमाने वागत होते, गितेबाई कायद्याने, डॉक्टर तिच्याच शिकवणीने, आणि आई प्रेमाने. सगळ्यांत शहाण्यासारखा तो पडदाच वागत होता. वीस सेकंदांनी एकदा तो तिला नाक खाली करायला सांगत होता, आणि नेमकं तेच तिच्या हातात नव्हतं.

कावेरीबाई त्या रात्री वाघधरेंच्या ऑफिसात, बाकावर झोपल्या. चढ चढून पुन्हा उतरणं त्यांना झेपलं नसतं.

उजाडल्यावर शैलजाने सीटखालून पडद्याचं माहितीपुस्तक काढलं. दोनशे बारा पानं होती. आजवर कोणीही ते उघडलेलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. भांडून काही होणार नव्हतं हे तिला आता पटलं होतं. पडद्याला जमीन दाखवून उपयोग नव्हता. त्याला त्याच्याच भाषेत काहीतरी दाखवायला हवं होतं. डॉक्टर शेजारी मान टाकून घोरत होते आणि त्यांचे तास वाढत होते.

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, पडदा पुसण्याच्या कापडाविषयीच्या सूचनांनंतर, एक परिच्छेद होता. 'विमान हवेत स्थिर असल्यास आणि अग्निशमन दलाने योग्य उंचीच्या शिडीने वैमानिकाची सुटका केल्यास तो विमानत्याग समजला जाणार नाही. विमानात किमान एक प्रशिक्षणार्थी वा वैमानिक उरणे आवश्यक.'

तिने वाघधरेंना हाक मारली. वाघधरेंनी परिच्छेद वाचला, चष्मा काढून परत वाचला, आणि म्हणाले, "हे बसतं." इतक्या तासांत त्यांच्या तोंडून आलेले हे पहिले बरे शब्द होते.

नगरपालिकेच्या अग्निशमन दलाची गाडी सव्वाआठला आली. अधिकारी इंगवले मिशीवाले, जाडजूड, कामाला पक्के होते. त्यांनी तलाठ्यांचा उतारा मागवून खोली तपासली आणि पंचेचाळीस फुटांची शिडी काढायला सांगितली. मग ते दाराशी आले आणि अडले. शिडी उभी केली तर ती विमानाच्या पार वर जात होती.

"आडवी टाका," शैलजा म्हणाली.

"आडव्या शिडीने सुटका होत नाही, मॅडम. आमच्याकडे तशी नोंदच नाही."

"मग जमिनीला समांतर उभी करा."

इंगवल्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हां. तसं चालेल."

चार माणसांनी शिडी डांबरावर ठेवली. वरचं टोक विमानाच्या दाराशी, खालचं टोक पंचेचाळीस फुटांवर शेडच्या भिंतीजवळ. दोघांनी खालचं टोक घट्ट धरलं. कावेरीबाईंना कोणीतरी सांगितलं तशा त्याही तिथे जाऊन शिडीला हात लावून उभ्या राहिल्या.

शैलजा डॉक्टरांकडे वळली. "तुमचे एकूण तास किती झाले?"

"बावन्न," डॉक्टर म्हणाले. मग जरा चाचरत, "पण त्यात एकट्याचे दहा लागतात, कॅप्टन. माझा एकट्याचा एकच झालाय. तुम्ही गेलात की..." त्यांनी वही पुढे केली. "तुमची सही लागेल. एकट्याला उडू द्यायला तुम्ही तयार असलात तर."

शैलजाने त्यांच्याकडे पाहिलं. रात्रभर आखडून बसल्याने त्यांचे डोळे लाल झाले होते, पण पाठ ताठ होती आणि पट्टा नीट बांधलेला होता. त्या एका तासानंतर महिनाभर ती ही सही टाळत आली होती. डॉक्टर उतरताना घाबरायचे. इथे उतरण्याचा प्रश्नच नव्हता.

"घाबरणार नाही ना?"

"पडद्याकडे बघत राहीन."

तिने सही केली. "रेघ सरळ ठेवा," ती म्हणाली, आणि आपण हे गंभीरपणे म्हटलं हे तिच्या नंतर लक्षात आलं.

मग ती पाठमोरी होऊन दारातून बाहेर पडली. विमानाकडे तोंड करून, दोन्ही हातांनी पायरी धरून, गुडघ्यांवर. गणवेशाची पॅन्ट डांबराला घासत होती. सुरुवातीच्या चार-पाच पायऱ्या ती रागाने भराभर उतरली. बावीस वर्षांचा अनुभव, खांद्यावर चार पट्ट्या, आणि धावपट्टीवर रांगणं.

"सावकाश, मॅडम," इंगवले म्हणाले. "घाई केली की पाय निसटतो."

"निसटून कुठे जाणार आहे?" ती पुटपुटली.

"खाली बघू नका, एवढंच."

ती बघणार नव्हतीच. पण सोळाव्या पायरीच्या आसपास धावपट्टीवरून वाऱ्याचा झोत आला, शिडी किंचित हलली, आणि तिने पायरी घट्ट धरली. तळहात ओले झाले होते. वर विमानाच्या खिडकीत डॉक्टरांचा चेहरा फार लहान दिसत होता. तिने पुढचा पाय चाचपून ठेवला, मग दुसरा. इंगवले मनातल्या मनात पायऱ्या मोजत होते, त्यांचे ओठ हलत होते. तीस. पस्तीस. शेवटच्या पायरीवरून तिचा बूट जमिनीला लागला तेव्हा कावेरीबाईंनी तिचा दंड धरला.

"आलीस एकदाची," त्या म्हणाल्या.

वाघधरेंच्या टेबलावर पडद्याने 'सुटका पूर्ण' अशी नोंद केली. वाघधरेंनी येऊन हात मिळवला आणि खुलाशाची आठवण करून दिली.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. दवाखाना रिक्षाने अर्ध्या तासावर होता आणि रिक्षा फाटकाबाहेर उभी होती. शेडपासून फाटकापर्यंत सपाट गवत पसरलं होतं. शैलजाने आईचा हात धरला आणि सरळ निघाली.

"तिकडून नाही, मॅडम," मागून गितेबाईंनी हाक मारली. नोटीस फाटकावर चिकटवायला त्या आल्या होत्या. "तिकडे कडा आहे. नकाशात पायवाट पश्चिमेकडून आहे. नागमोडी आहे, पण बरी आहे."

शैलजाने त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि वाद घालायला लागणारा वेळ मनात मोजला. मग ती पश्चिमेकडे वळली.

गवतातून दोघी डावीकडे गेल्या, उजवीकडे वळल्या, पुन्हा डावीकडे. कावेरीबाई हळूहळू चालत होत्या. पहिल्या वळणाला त्यांनी पदराने मान पुसली. दुसऱ्या वळणाला त्या थांबल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या.

"चढ फार आहे गं."

"थांब जरा," शैलजा म्हणाली. तिला स्वतःलाही धाप लागली होती. आईला तिने खांद्याचा आधार दिला आणि दोघी मिनिटभर तशाच उभ्या राहिल्या. मग तिने कावेरीबाईंच्या कमरेभोवती हात टाकला आणि उरलेली वाट त्यांना जवळजवळ ओढतच वर आणली.

फाटकाशी पोचल्यावर रिक्षावाल्याने रिक्षा चालू केली. कावेरीबाईंनी दांड्याला धरलं, एक पाय आत ठेवला, आणि मागे वळून, काही दिसत नसलेल्या डोळ्यांनी, धावपट्टीच्या दिशेने बघत राहिल्या.

"केवढं खोल आहे," त्या म्हणाल्या.

शैलजानेही वळून पाहिलं. दूर खाली पांढऱ्या पंखांचं विमान उन्हात स्थिर होतं, आणि डॉक्टर एकटे ते उडवत होते.

"हो," ती म्हणाली. "तू बस आधी. उशीर होतोय."